‘घरीच असते’ मधला ‘च’



‘कामाच्या वयातली माणसं आणि वर्षाचे आकडे’ या विषयावर मी बोलणार म्हटल्यावर आमच्या कट्ट्यावरच्या मित्रांनी माझी थट्टाच केली. म्हणाले, ‘तू कवी माणूस. बी. ए.ला मराठी घेतलेलं. टक्केवारीशी तुझा संबंध परीक्षेच्या निकालापुरता, आणि तोही फारसा सुखाचा नाही!’ मित्रांचं खरं आहे. पण मी काही आकड्यांच्या मागे गेलो नव्हतो, आकडेच माझं दार वाजवत आले. तीच गोष्ट आज सांगणार आहे.

मी सोलापूरचा. चादरींचं गाव, टॉवेलचं गाव, विड्या वळणाऱ्या बायकांचं गाव. अलीकडच्या काळात शाळेच्या गणवेशांचंही गाव. आमच्या गल्लीत एप्रिल-मे महिन्यात तुम्ही आलात तर घराघरांतून शिवणयंत्रांचा आवाज येईल. व्यापाऱ्याकडून कापलेला माल गठ्ठ्यानं येतो, बायका तो शिवून देतात. मजुरी नगावर. दोरा आपला, मशीन आपलं, विजेचं बिलही आपलंच. आमच्या घरातही असं एक मशीन आहे, वीस-बावीस वर्षांपासून.

२०१९ सालचा मे महिना. दुपारी एक तरुण दारात आला. हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र. केंद्र सरकारच्या सांख्यिकी मंत्रालयाकडून श्रमशक्ती पाहणी चालते, तिच्यासाठी आमचं घर नमुन्यात निवडलं गेलं होतं. मी त्याला बसायला खुर्ची दिली. घरात माणसं किती, वयं काय, शिक्षण किती, असे प्रश्न झाले. मग तो एकेकाच्या कामाकडे वळला. माझं सांगून झालं. पत्नीकडे बोट करून त्यानं विचारलं, ‘आणि भाभी काय करतात?’

मी म्हणालो, ‘ती घरीच असते.’

श्रोतेहो, हे मी म्हणालो तेव्हा ती मशीनवर बसली होती. पाहुणा आला म्हणून मशीन थांबवून चहा ठेवायला उठली होती, एवढंच. मशीनच्या शेजारी पांढऱ्या शर्टांची चळत तिच्या कमरेएवढी होती. त्याच्या आधी काही वर्षं मी ज्या संस्थेत कारकून होतो, तिथले पगार चौदा महिने थकले होते. त्या चौदा महिन्यांत घरातलं धान्य, मुलांच्या फिया, अम्मीची औषधं हे सगळं त्या मशीनच्या पायट्यावर चाललं. आणि मी, कष्टकऱ्यांवर कविता लिहिणारा माणूस, तिच्यादेखत सांगत होतो की ती घरीच असते.

त्या ‘च’कडे पाहा. मराठीतला हा एका अक्षराचा शब्द फार वजनदार आहे. आमच्या घरात बोलतात त्या दखनीनंही तो मराठीकडून घेतला आहे: ‘घरमेंच है.’ ‘घरी असते’ म्हटलं तर फक्त ठिकाण कळतं. ‘घरीच असते’ म्हटलं की माणूस हिशेबातून पुसला जातो.

तो तरुण मात्र कामात पक्का होता. त्यानं टॅबवर बोट ठेवलं नाही. त्यानं थेट तिलाच विचारलं, ‘भाभी, गेल्या वर्षभरात तुम्ही तीस दिवस तरी पैशासाठी काही काम केलंत का?’ ती हसली. म्हणाली, ‘तीस कशाला? एप्रिल, मे, जून तर रात्री बारापर्यंत बसते. दिवाळीला ब्लाऊज असतात. मधे फॉल-पिको.’ मग त्यानं नोंद केली.

पुढे कुतूहलानं मी या पाहणीची माहिती मिळवून वाचली. प्रत्येक माणसाच्या कामाला तिथं दोन आकडी खूण असते. स्वतःचा धंदा स्वतः चालवणारा ११. घरच्या धंद्यात किंवा शेतात बिनपगारी मदत करणारा २१. नियमित पगारी नोकरदार ३१. रोजानं जाणारा बहुतेक ५१. काम नाही, पण शोधतो आहे किंवा करायची तयारी आहे, तो ८१. आणि फक्त घरकाम करणारी ९२. माणसाचं अख्खं वर्ष दोन अंकांत! वर्षभरात ज्यात जास्त वेळ गेला ते मुख्य काम, आणि त्याखेरीज किमान तीस दिवस केलं असेल तर ते दुय्यम काम, असा नियम. त्या तरुणानं माझंच उत्तर धरलं असतं तर माझी पत्नी ९२ झाली असती. तीस दिवसांचा प्रश्न विचारला म्हणून ती देशाच्या कामकऱ्यांत मोजली गेली.

एका घरातल्या एका उत्तरानं काय बिघडतं, असं तुम्ही म्हणाल. पण देशाचा आकडा अशाच घराघरांतल्या उत्तरांचा बनतो.

आता थोडं आकड्यांविषयी. जगभरात अर्थशास्त्रज्ञ २५ ते ५४ हा वयोगट वेगळा काढतात. पंचविशीच्या आत बरीच मुलं शिकत असतात, पंचावन्नच्या पुढे काही जण निवृत्तीला लागतात. मधली तीस वर्षं भर कामाची. या वयातल्या दर शंभर माणसांपैकी किती जण कामावर आहेत, हे पाहिलं की देशाच्या कामधंद्याची तब्येत कळते.

मग बेरोजगारीचा दर पुरत नाही का? नाही पुरत. समजा, आमच्या गल्लीत दहा बायका आहेत. दोघींना काम आहे. आठ जणींनी काम मिळत नाही म्हणून शोधायचंच सोडून दिलं आणि काम हवं असं म्हणणंही सोडलं. आता गल्लीतली बेरोजगारी किती? शून्य! कारण बेरोजगार तोच, जो काम मागतो. मागणंच सोडलं तो त्या हिशेबात नाही. म्हणून दुसराही आकडा लागतो: शंभरातले कामावर किती?

अमेरिकेचा दाखला घ्या. तिथं २००० साली २५ ते ५४ वयाच्या दर शंभर माणसांतली ८१ हून अधिक कामावर होती. मंदीनंतर, २०१० साली, ती ७५ च्या आसपास आली. २०१७ पर्यंत बेरोजगारीचा दर साडेचार टक्क्यांच्याही खाली उतरला, पण कामावरची माणसं अजून शंभरात ७९ च्या खालीच होती. ती ८० च्या घरात पोचायला २०१९ साल उजाडलं. म्हणजे एक आकडा म्हणत होता सगळं ठीक आहे, आणि दुसरा म्हणत होता थांबा, अजून काही माणसं परतलेली नाहीत.

आपल्या देशाचं कोडं आणखी अवघड. इथं नोकरदार थोडे, स्वतःच्या हिमतीवर पोट भरणारे जास्त. शेतात चार जणांचं काम सहा जण करत असतील तर त्यातले बेकार कोण? हा प्रश्न जुना आहे. एम. एल. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीनं १९७० सालच्या अहवालात सांगितलं होतं की अशा देशात बेकारीचा एकच एक आकडा काढून भागणार नाही. त्या विचाराच्या आधारावर १९७२-७३ पासून राष्ट्रीय नमुना पाहणीत रोजगाराची मोठी पाहणी सुरू झाली, ती साधारण दर पाच वर्षांनी व्हायची. २०१७ पासून ती दरवर्षीची झाली, आणि २०२५ पासून तिचे महिन्याचे आकडेही येऊ लागले. आपल्या वार्षिक अहवालात ठळकपणे १५ वर्षं आणि त्यावरच्यांचे आकडे छापले जातात. त्यामुळे कॉलेजातली मुलगी आणि सत्तरीची आजीही त्यात येते, हे ध्यानात ठेवायचं.

आता ते आकडे ऐका. थोडेच सांगतो. २०१७-१८ मध्ये देशातल्या १५ वर्षांवरच्या दर शंभर बायकांपैकी २२ कामावर होत्या. २०२३-२४ मध्ये ४० हून थोड्या जास्त. सहा वर्षांत जवळजवळ दुप्पट. याच काळात बेरोजगारीचा दर ६ टक्क्यांवरून ३.२ टक्क्यांवर आला. वाचून मला आनंद झाला. वाटलं, चला, ‘घरीच’ असणाऱ्या बायका आता मोजल्या जाऊ लागल्या.

पण मग अहवालाचं पुढचं पान उलटलं. या कामकरी बायका करतात काय? २०२३-२४ मध्ये शंभरातल्या ६७ स्वयंरोजगारात. त्यांतल्या जवळजवळ ३७ जणी घरच्या शेतात किंवा धंद्यात मदतनीस, म्हणजे खूण २१. म्हणजे कामकरी म्हणून मोजलेल्या दर तीन बायकांमागे एकीहून जास्त जणींच्या हातात मजुरी म्हणून एक रुपयाही येत नाही. आणि नियमित पगाराची नोकरी? २०१७-१८ मध्ये ती कामकरी बायकांतल्या शंभरात २१ जणींना होती, २०२३-२४ मध्ये १६ जणींना. टक्का वाढला तो बहुतेक शेताच्या बांधावर आणि घराच्या उंबऱ्यावर. अभ्यासकांत याबद्दल मतभेद आहेत. कुणी म्हणतं, घरच्या ओढगस्तीमुळे बायका कामाला लागल्या. कुणी म्हणतं, गॅस-पाणी आलं, वेळ मोकळा झाला. कुणी म्हणतं, विचारणारे आता नीट विचारतात. आमच्या दारातला प्रसंग पाहता शेवटच्या म्हणण्यातही तथ्य असावं असं मला वाटतं.

आणि ‘स्वयंरोजगार’ हा शब्दही जरा तपासून घ्या. व्यापाऱ्याचं कापड घरी आणून शिवणारीही बहुधा याच खणात पडते. मशीन तिचं ना, मग ती स्वतःची मालक! पण शर्टाचा भाव कोण ठरवतो? व्यापारी. शिलाई उसवली तर माल परत कोण करतो? व्यापारी. मालकीण आहे ती फक्त विजेच्या बिलाची. माझी अम्मी विड्या वळायची. पानं आणि तंबाखू कारखान्याची, हात तिचे. १९६६ सालच्या विडी कामगार कायद्यानं निदान एवढं तरी मान्य केलं की घरी बसून विडी वळणारी बाईसुद्धा कामगारच. शर्ट शिवणारीला असा स्वतंत्र कायदा नाही.

आमच्या समाजाबद्दल दोन शब्द बोललो नाही तर अपुरं राहील. २००६ साली सच्चर समितीचा अहवाल आला. त्यात नोंद आहे की काम करणाऱ्या मुस्लिम बायकांपैकी ७० टक्के आपल्या घरातच काम करतात, सर्वसाधारण प्रमाण ५१ टक्के असताना. आमच्या मोहल्ल्यातल्या बायका घरी असतात याची काही जणांना कीव येते, काही जणांना अभिमान वाटतो. दोघेही त्यांच्या हातातली सुई पाहत नाहीत. आणि ही गोष्ट एकट्या आमच्याच मोहल्ल्याची नाही. पलीकडच्या पद्मशाली वस्तीत विड्या वळणाऱ्या काकूंच्या घरी जाऊन त्यांच्या नवऱ्याला विचारा. बहुतेक ठिकाणी ‘च’सकट तेच उत्तर मिळेल.

शिवाय घरकाम आहेच. शेतात खुरपलं तर ती कामकरी. तेच धान्य घरी आणून निवडलं, दळलं, त्याची भाकरी थापली तर ते या हिशेबात काम नाही. २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार बिनमोबदला घरकामात बायकांची दिवसाला २८९ मिनिटं जातात आणि पुरुषांची ८८. तीही, घरकाम करणाऱ्या पुरुषांची. २८९ मिनिटं म्हणजे पावणेपाच तासांहून जास्त. मे महिन्यात रात्री बारापर्यंत मशीन का चालतं, याचं उत्तर या आकड्यात आहे. शिवणकाम सुरूच होतं ते घरकाम आटोपल्यावर.

आता पुन्हा त्या तरुणाकडे येऊ. त्या वेळच्या पद्धतीप्रमाणे शहरातल्या निवडलेल्या घरी तीन-तीन महिन्यांच्या अंतरानं एकूण चार फेऱ्या होत. तो दुसऱ्यांदा आला ऑगस्टमध्ये. शाळा सुरू झालेल्या, मशीनवर चादर पांघरलेली. या वेळी प्रश्न फक्त गेल्या सात दिवसांचा होता. मी गप्प बसलो. तिनं आठवून सांगितलं, ‘शेजारणीच्या साडीला फॉल लावला. झाला असेल एक तास. पैसे दिले तिनं.’ आठवड्यात एक तास काम केलं तरी त्या आठवड्यापुरती ती कामावर, असा नियम. मे महिन्यातले रोजचे दहा तास आणि ऑगस्टमधला आठवड्याचा एक तास, दोन्हींची नोंद ‘कामावर’ अशीच. तासही लिहून घेतात, नाही असं नाही. पण वर्तमानपत्राच्या मथळ्यात तास येत नाहीत.

नोव्हेंबरमध्ये तो आला. फेब्रुवारी २०२० मध्ये शेवटचा आला. ‘भाभी, आता पुन्हा त्रास नाही देणार’ म्हणाला. तिनं त्याला शिरखुर्म्याचं आमंत्रण दिलं. पण ईद आली ती टाळेबंदीत.

मार्चमध्ये सगळं थांबलं. शाळा बंद, म्हणजे गणवेश बंद. ज्या एप्रिल-मेवर आमच्या गल्लीचं वर्ष चालतं, त्या एप्रिल-मेमध्ये एकही गठ्ठा आला नाही. काही दिवस बायकांनी कापडी मास्क शिवले, डझनाच्या भावानं. मग तेही थांबलं. पुढचं वर्षही तसंच गेलं. पाहणीचा तरुण यायचं कारण नव्हतं, आमच्या घराच्या चार फेऱ्या संपल्या होत्या.

नंतर मी त्या दोन वर्षांचे आकडे पाहिले. वाटलं होतं, बायकांचा टक्का कोसळला असेल. पण काम करणाऱ्या आणि काम मागणाऱ्या बायका मिळून २०१८-१९ मध्ये शंभरात साडेचोवीस होत्या, त्या २०१९-२० मध्ये ३० झाल्या आणि २०२०-२१ मध्ये साडेबत्तीस! आमच्या गल्लीत मशीनवर धूळ, आणि देशाचा आकडा वर. मी चक्रावलो. आकडा खोटा नव्हता. तो शहरातल्या एका गल्लीचा नव्हता, एवढंच. वाढ मुख्यतः खेड्यांत झाली होती, आणि त्यात शेतावरच्या, घरच्या कामात हात लावणाऱ्या बायका पुष्कळ होत्या. म्हणजे एकीचं मजुरीचं काम गेलं आणि दुसरीला बिनमजुरीचं काम लागलं, तर टक्का तिथल्या तिथं राहतो. आणि अशा दुसऱ्या दोन निघाल्या तर टक्का वाढतो.

म्हणून माझं एवढंच सांगणं आहे. वर्षाचा आकडा छापून आला की तो उडवून लावू नका. त्यामागे कुणीतरी उन्हातान्हात दारोदार फिरलेलं असतं. आणि तो डोक्यावर घेऊन नाचूही नका. त्याला तीन प्रश्न विचारा. कामावर किती? काम कसलं? आणि मजुरी कुणाच्या हातात? पहिल्या प्रश्नाचं उत्तर मथळ्यात मिळतं. उरलेल्या दोन उत्तरांसाठी पान उलटावं लागतं.

चौथा प्रश्न मात्र आकड्याला नव्हे, आपल्याला विचारायचा आहे. दारात पाहणीवाला येतो तेव्हा उत्तर कोण देतं? सरकारी तक्त्यात चूक असेल तर सरकारला जाब विचारता येतो. पण ती चूक माझ्या ओसरीवर, माझ्या तोंडून जन्माला आली असेल तर?

त्या मे महिन्यात तो तरुण गेल्यावर मी पत्नीला विचारलं, ‘मी तसं म्हणालो तेव्हा तू काहीच का बोलली नाहीस?’ ती मशीनमध्ये दोरा ओवत होती. म्हणाली, ‘तुम्ही नेहमीच तसं सांगता. मुलांच्या शाळेच्या फॉर्मवर काय लिहीत होता?’

मी काय लिहीत होतो ते मला चांगलं आठवतं. आईचा व्यवसाय, गृहिणी. तीन मुलं, दरवर्षीचे फॉर्म, माझं वळणदार अक्षर. शाळेच्या कपाटात ते कागद अजून असतील. फी भरली होती शिलाईच्या पैशातून, आणि फॉर्मवर शिलाई नव्हती.

मी आता पंचावन्न ओलांडली. २५ ते ५४ च्या त्या गटातून मी बाहेर पडलो. ती अजून त्यातच आहे. मशीन चालू आहे, फक्त चष्म्याचा नंबर वाढला आहे. परवा धाकट्या मुलीनं एम. ए.च्या प्रवेशाचा अर्ज भरला, मोबाईलवर, एकटीनं. मी सहज मागून डोकावलो. आईचा व्यवसाय या रकान्यात तिनं लिहिलं होतं, ‘शिवणकाम’. तिनं मला विचारलं नव्हतं. आईला विचारलं होतं.